उशाशी उभं राहायला शिकवणाऱ्या राऊत मॅडम

डॉ. कुमुद राऊत यांची आणि माझी ओळख त्यांच्या धाकट्या भावामुळे झाली, आणि तीही त्या भावाला मी नाराज केलं म्हणून.

मी तेव्हा पालघरच्या एका छोट्या रुग्णालयात भूलतज्ज्ञ म्हणून काम करत होते. आठवड्यातले काही दिवस पालघर, काही दिवस बोईसर अशी माझी फेरी असे. सिझेरियन, हर्निया, अपेंडिक्स, मशीनमध्ये बोटं सापडलेले कामगार, हे रोजचं काम. एका सकाळी केळव्याचे मधुकर राऊत हर्नियाच्या ऑपरेशनसाठी दाखल झाले. पन्नाशी ओलांडलेले, सुपारी-नारळाच्या वाडीत राबून काटक झालेले गृहस्थ. कमरेतून भूल द्यायची होती. मी त्यांच्या छातीला स्टेथोस्कोप लावला आणि हात तिथेच थांबला. ठोक्यांमध्ये एक खरखरीत आवाज होता आणि तो वर मानेपर्यंत ऐकू येत होता. हृदयाची झडप अरुंद झाली असावी अशी शंका आली. अशा माणसाला कमरेतून भूल दिली तर रक्तदाब एकदम कोसळू शकतो, आणि कोसळलेला वर आणणं फार कठीण जातं. मी सर्जनना सांगितलं, "इको झाल्याशिवाय मी भूल देणार नाही." त्यांना ते फारसं आवडलं नाही, पण त्यांनी ऐकलं.

मधुकररावांना मात्र पटेना. "डॉक्टरीणबाय, मी अजून माडावर चढतो. मला काय होनार हाय? रातपासून उपाशी हाय मी."

"आता जेवून घ्या. हृदयाची सोनोग्राफी, इको म्हणतात ती, करून या, मग बघू."

"आमची बहीन मोठी डॉक्टर हाय मुंबयला. तिला इचारतो."

आता या मोठ्या डॉक्टर बहिणीचा फोन येणार आणि आपल्याला बोलणी खावी लागणार, अशी मी मनाची तयारी केली. फोन तिसऱ्या दिवशी आला.

"मी कुमुद राऊत. मधूच्या छातीला स्टेथोस्कोप कोणी लावला?"

"मी लावला."

"इको झाला. झडप फारच अरुंद आहे. हर्निया राहू दे, आधी झडप बदलायची आहे." मग म्हणाल्या, "मी त्याची सख्खी बहीण. दर महिन्याला त्याच्याकडे जेवायला जाते. हृदयाच्या ऑपरेशनला भूल देण्यात माझं सगळं आयुष्य गेलं, आणि मी कधी त्याच्या छातीला कान लावला नाही. तुम्ही लावलात."

मग त्यांनी विचारलं, "असा आवाज ऐकल्यावर पुढे काय करायचं, ते शिकायचं आहे का तुम्हाला?"

हृदय आणि छातीच्या शस्त्रक्रियांसाठी भूल देणं ही आमच्या विषयातली वेगळी शाखा आहे. भूलशास्त्राची पदवी झाल्यावर त्यासाठी एक वर्षाची फेलोशिप करावी लागते. मुंबईच्या एका मोठ्या रुग्णालयात मॅडम या विभागाच्या प्रमुख होत्या आणि ती फेलोशिप त्यांनीच सुरू केली होती. मी तेव्हा एक्केचाळीस वर्षांची होते, मुलगी सातवीत होती, नवरा तारापूरच्या कारखान्यात पाळीत काम करत होता. त्या वयात वर्षभर वसतिगृहात राहायचं, म्हणजे लोकांना सांगायलाही संकोच वाटावा अशी गोष्ट. माझे वडील कराडकडून नोकरीसाठी तारापूरला आलेले, निवृत्तीनंतर जवळच्या पाम गावात आमच्याजवळच राहत. ते एवढंच म्हणाले, "जा की. वर्षाचं काय, बघता बघता सरतंय. पोरीला आम्ही बघतो."

मी अर्ज केला. लेखी परीक्षा दिली. मुलाखतीला आत गेले तेव्हा मॅडमची खुर्ची रिकामी होती. नंतर कळलं, की माझं नाव पुकारल्यावर त्या उठून बाहेर गेल्या होत्या. "हिने माझ्या भावाचा जीव वाचवला आहे. माझं मत मोजू नका," असं इतर परीक्षकांना सांगून गेल्या. बाहेर आले तर त्या व्हरांड्यात वर्तमानपत्र वाचत बसलेल्या. मला पाहून नुसती मान हलवली. निकाल लागेपर्यंत त्यांनी मला एक फोनही केला नाही. मी तेव्हा मनातून थोडी दुखावले होते. आज मला त्या रिकाम्या खुर्चीचा अभिमान वाटतो, कारण माझी निवड माझ्याच बळावर झाली हे मी कोणालाही सांगू शकते.

पहिला महिना त्यांनी मला कशालाही हात लावू दिला नाही. हृदय थांबवून काम करायचं असतं तेव्हा रक्त फिरवण्याचं काम बाहेरचं यंत्र करतं. त्या यंत्रापाशी उभं राहायचं आणि बघायचं. मी तोवर शेकडो पेशंटना भूल दिली होती, त्यामुळे हे मला जड गेलं. मॅडमना ते कळलं असणार. पण त्यांनी समजूत घातली नाही. "अजून पंधरा दिवस," इतकंच म्हणाल्या.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी संध्याकाळी वॉर्डात जाऊन पेशंटशी बोलायचं, हा त्यांचा नियम होता, आणि बोलायचं ते खुर्ची ओढून, बसून. उभ्याने बोललं की पेशंट सगळ्याला हो म्हणून मोकळा होतो, असं त्यांचं म्हणणं. मुरब्याकडच्या एक कोळी मावशी झडप बदलण्यासाठी आल्या होत्या. मी बसून सगळे प्रश्न विचारले. मॅडम पलीकडे बसल्या होत्या. शेवटी मी विचारलं, "तुम्हाला काही विचारायचंय?"

मावशींनी बराच वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. मग म्हणाल्या, "माजं काळीज बंद ठेवनार म्हंतात. मंग तवर मी कुठं असनार?"

मी यंत्राचं काम समजावून सांगू लागले. मावशींच्या चेहऱ्यावरून कळत होतं, की त्यांनी हे विचारलंच नव्हतं. मॅडम पुढे सरकल्या.

"माझ्यापाशी असणार. ऑपरेशनचे डॉक्टर समोर उभे असतात, मी तुमच्या उशाशी उभी असते. तुमचं काळीज परत चालू होईपर्यंत मी तिथून हलत नाही."

मावशींनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. "मंग ठीक हाय," म्हणाल्या आणि पांघरूण ओढून आडव्या झाल्या.

दुसऱ्या दिवशी पाच तास ऑपरेशन चाललं. मॅडम खरोखर हलल्या नाहीत. मी दोनदा म्हटलं, "मॅडम, तुम्ही चहा घेऊन या, मी आहे." त्या म्हणाल्या, "काल तिला शब्द दिला तेव्हा तू तिथेच होतीस ना?"

आता थोडं माझ्या चुकीविषयी लिहिते. गौरवलेखात लिहिणाऱ्याने आपल्या चुका सांगायच्या नसतात, पण ही सांगितल्याशिवाय मॅडम कशा आहेत ते कळणार नाही.

फुप्फुसाच्या शस्त्रक्रियेत एक फुप्फुस मिटून ठेवायचं आणि दुसऱ्यावर श्वास चालू ठेवायचा असतो. त्यासाठी श्वासनलिकेत दोन वाटांची नळी घालतात. पेशंटला कुशीवर वळवलं की ही नळी जरा सरकू शकते. म्हणून वळवल्यानंतर आत घालायच्या बारीक दुर्बिणीतून ती पुन्हा तपासायची, हे मॅडमनी पहिल्याच दिवशी शिकवलं होतं. आठव्या महिन्यात एका तरुण शिक्षकाचं ऑपरेशन होतं. नळी मी घातली, तपासली, उत्तम बसली होती. पेशंटला वळवलं. सर्जन घाईत होते, मीही हात बसल्याच्या खुशीत होते. पुन्हा तपासलं नाही. छाती उघडल्यावर दहा मिनिटांत ऑक्सिजन उतरू लागला. पंचाण्णव, नव्वद, पंच्याऐंशी.

मॅडम माझ्या मागेच होत्या. त्या सर्जनना म्हणाल्या, "दोन मिनिटं थांबा, हात बाहेर घ्या." मग दुर्बीण उचलून माझ्या हातात दिली. त्यांनी ती स्वतः घातली असती तर काम लवकर झालं असतं, असं मला वाटलं. "नळी तूच घातलीस, तुलाच तिची जागा माहीत आहे. बघ, कुठे गेली आहे," त्या म्हणाल्या, नेहमीच्याच आवाजात. नळी बोटाच्या पेराएवढी आत सरकली होती. मी ती मागे घेतली. आकडा हळूहळू वर चढला. ऑपरेशन व्यवस्थित पार पडलं आणि तो शिक्षक आठवड्याने घरी गेला.

त्या दिवशी मी जेवले नाही. विभागाची आठवड्याची बैठक दोन दिवसांनी होती. तिथे अशा प्रसंगांची चर्चा व्हायची आणि माझं नाव निघणार हे नक्की होतं. बैठक सुरू झाली तशा मॅडम स्वतः उभ्या राहिल्या. "या आठवड्यात माझ्या हातून एक चूक झाली," त्यांनी सुरुवात केली. "पेशंटला वळवल्यावर नळी पुन्हा तपासली गेली नाही. मी तिथे उभी होते. मी फेलोला विचारायला हवं होतं, मी विचारलं नाही." पूर्ण घटना त्यांनी वेळेसकट सांगितली, काही झाकलं नाही, आणि खाली बसल्या. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाल्या, "आता तुझा भाग तू सांग." मी उठून सांगितला. तेवढ्या मोठ्या खोलीत मला लाज वाटली नाही, याचं मला आजही आश्चर्य वाटतं. नंतर त्यांनी मला पेशंटच्या कागदात सगळं माझ्या हाताने लिहायला लावलं आणि त्या शिक्षकाला व त्याच्या पत्नीला काय झालं होतं ते सांगायलाही नेलं.

तेव्हापासून आजपर्यंत कुशीवर वळवलेल्या एकाही पेशंटची नळी मी पुन्हा तपासल्याशिवाय पुढे गेलेले नाही.

मॅडम गोड बोलणाऱ्या नाहीत, हे या गौरवग्रंथाच्या वाचकांपैकी अनेकांना अनुभवाने माहीत असेल. थिएटरमध्ये कोणी मोबाईल काढला तर त्या नुसतं बघतात आणि तेवढं पुरतं. त्यांचं अक्षर वाचण्यासाठी आमच्या विभागात एक खास नर्स होत्या. गाडी इतकी सावकाश चालवतात, की सायकलवाले पुढे जातात. काही शनिवारी त्या केळव्याला जाताना मला सोबत घेत. मनोरला महामार्ग सोडून गाडी पालघरच्या रस्त्याला लागली की दवाखान्याचा विषय बंद, असा त्यांचा दंडक होता. मासवणपासून पुढे फक्त वाडीतल्या गोष्टी: यंदा पानवेलीला रोग आहे का, मधूने पंप बदलला का, शनिवार-रविवारच्या पाहुण्यांसाठी शेजाऱ्यांनी बांधलेल्या खोल्यांमुळे विहिरीचं पाणी कसं कमी पडतं. मधुकरराव तोवर नवी झडप घेऊन ठणठणीत झाले होते. मी गेले की शहाळं फोडून देत आणि बहिणीसमोर मुद्दाम म्हणत, "खरी डॉक्टर ही. तू नुसती जेवून जायचीस." मॅडम ते निमूट ऐकून घेत.

त्याच वर्षी माझी मुलगी, ईशा, माझ्याशी फोनवर बोलेनाशी झाली होती. रागाने नाही, पण हो-नाही यापलीकडे जात नसे. मी कोणाला सांगितलं नव्हतं. मॅडमना कसं कळलं कोण जाणे. एका सुट्टीच्या दिवशी त्यांनी तिला मुंबईला बोलावून घेतलं. तिला थिएटरचे हिरवे कपडे घातले, पायजम्याच्या दोन घड्या स्वतः वाकून वर दुमडल्या, आणि रिकाम्या थिएटरमध्ये नेऊन सगळं दाखवलं. मग टेबलाच्या डोक्याशी तिला उभं केलं. "तुझी आई इथे असते. सकाळी आठ ते दुपारी तीन."

ईशाने विचारलं, "आईला भीती वाटते का?"

"वाटते. न वाटणाऱ्यांना मी इथे उभं करत नाही."

परतताना ईशाने मला त्या यंत्राबद्दल इतके प्रश्न विचारले, की वसतिगृहाचा जिना चढेपर्यंत ते संपले नाहीत. पुढचे महिने ती रोज फोन करून आधी विचारायची, "आज कुणाचं हृदय होतं?"

वर्ष संपल्यावर मला मुंबईतच नोकरी मिळत होती. मी मॅडमचा सल्ला विचारला, तो त्यांनी दिला नाही. "इथे तुझ्यासारख्या आणखी मिळतील. तिथलं तुला माहीत. ठरव," एवढंच म्हणाल्या. मी पालघरला परत आले. काही वर्षांनी मॅडमही निवृत्त होऊन केळव्याला राहायला आल्या.

परत आले खरी, पण इथे हृदयाची ऑपरेशन्स होत नाहीत. मग हे शिक्षण कशासाठी घेतलं, असं मला अनेकांनी विचारलं, आणि कधी कधी मीही स्वतःला विचारलं. त्याचं उत्तर मला एका सकाळी अकराच्या सुमारास मिळालं.

मासवणच्या बाजूच्या एका पाड्यावरून मनीषा नावाची बाविशीची मुलगी बाळंतपणासाठी आली. आठवा महिना सरत आलेला. तिला आडवं होता येत नव्हतं, बसून धापा टाकत होती. लहानपणी सांधे दुखून ताप आला होता, त्यात हृदयाची एक झडप खराब झाली होती आणि कोणाला पत्ताही नव्हता. फुप्फुसात पाणी भरू लागलं होतं. मुंबईच्या रुग्णालयाने घ्यायची तयारी दाखवली, पण रुग्णवाहिकेत एवढा प्रवास ती सोसेल असं आम्हा कोणालाच वाटत नव्हतं. त्यात बाळाचे ठोके मंद होऊ लागले. सिझेरियन इथेच, आताच करावं लागणार होतं. तिचा नवरा दाराशी उभा राहून पुन्हा पुन्हा एकच म्हणत होता, "काय बी करा, पन तिला वाचवा. तुमी सांगाल ते करतो."

मी मॅडमना फोन केला. "काय काय तयार ठेवलं आहेस?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं. "बरोबर आहे. औषधं सुरू कर, मी निघते." अर्ध्या तासात त्या रिक्षातून उतरल्या. स्वतःची गाडी का नाही आणली असं विचारलं, तर म्हणाल्या, "माझ्या गाडीने दुपार झाली असती."

कपडे बदलून त्या आत आल्या, पण टेबलापाशी आल्या नाहीत. कोपऱ्यातलं स्टूल ओढून बसल्या. "केस तुझी आहे. मी आहे इथे."

तोवर औषधांनी मनीषाची धाप थोडी कमी झाली होती. मी तिला हळूहळू पूर्ण भूल दिली. अशा पेशंटची नाडी वेगात जाऊ द्यायची नसते आणि सलाईन मोजून-मापून द्यायचं असतं. सगळ्यात धोक्याची वेळ बाळ बाहेर आल्यानंतरची. गर्भाशय आकसतं आणि तिथलं रक्त एकदम हृदयाकडे येतं. अरुंद झडपेला ते पेलत नाही. बाळ बाहेर आलं, मुलगी होती, आणि लगेच रडली. थिएटरमधल्या सगळ्यांनी तिकडे पाहिलं. माझीही मान वळली असणार, कारण स्टुलावरून आवाज आला, "बाळाकडे बघायला बाकीचे आहेत. तू नाडी बघ."

त्या पूर्ण वेळात मॅडम एवढंच एक वाक्य बोलल्या. मी नाडी बघितली. ती वाढायला लागली होती. मी औषध दिलं, ती खाली आली, पुन्हा चढली, पुन्हा आणली. वीस मिनिटं हे चाललं होतं. मग तिचा श्वास मोकळा होत गेला आणि आकडे जागेवर राहिले. मनीषा दोन दिवस कृत्रिम श्वासावर होती. तिसऱ्या दिवशी तिने मुलीला पाजलं. पुढे मुंबईत शिरेतून नेलेल्या फुग्याने तिची झडप रुंद केली. ती मुलगी आता शाळेत जाते.

बाहेर आल्यावर मनीषाच्या नवऱ्याने मॅडमचे पिकलेले केस पाहून त्यांच्याच पायाला हात लावला. मॅडमनी त्याला दंडाला धरून उठवलं. "मी बसून होते रे बाबा. काम हिनं केलंय." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "भूक लागली आहे. तुझ्या डब्यात काय आहे?" मेथीची भाजी आणि भाकरी होती. आम्ही दोघींनी ती ड्यूटी रूममध्ये बसून खाल्ली. जेवताना त्यांनी केसबद्दल एकही शब्द काढला नाही. भाकरी जरा जाड झाली आहे, असं तेवढं सांगितलं.

त्या प्रसंगानंतर मॅडमनी मुंबईच्या आपल्या जुन्या विभागाला पत्र लिहिलं. प्रत्येक फेलोने वर्षातला एक महिना पालघरला काढावा, हृदयाचा पेशंट जेव्हा हृदयासाठी नाही तर बाळंतपणासाठी किंवा मोडलेल्या हाडासाठी येतो तेव्हा काय करायचं ते इथे शिकावं, अशी त्यांची कल्पना होती. ती मान्य झाली. आज आमच्याकडे मुंबईहून फेलो येतात, आणि दर सोमवारी मॅडम केळव्याहून येऊन त्यांचा वर्ग घेतात.

गेल्या वर्षी मॅडमचं स्वतःचं पित्ताशयाचं ऑपरेशन करावं लागलं. मुंबईत त्यांच्यासाठी सगळी दारं उघडी होती. त्या पालघरलाच दाखल झाल्या. मी भूल द्यायची हे मी गृहीतच धरलं होतं. त्यांनी विचारलं, "सध्या फेलो कोण आहे?" डॉ. रेश्मा नावाची तिशीची मुलगी होती, येऊन जेमतेम दोन आठवडे झालेले. "ती देईल," मॅडम म्हणाल्या. मी काही बोलणार, तर पुढे म्हणाल्या, "तुझा तिच्यावर विश्वास नसेल तर तू तिला काय शिकवलंस?"

रेश्माने भूल दिली. मी बाजूला उभी राहिले आणि, कबूल करते, हात पाठीमागे घट्ट धरून ठेवले. दुपारी मॅडम जाग्या झाल्या, थोडं पाणी मागितलं आणि रेश्माला म्हणाल्या, "छान झालं. घशातही दुखत नाही. आता मला सांग, तू कोणतं औषध किती दिलंस." रेश्मा सांगू लागली आणि त्या डोळे मिटून ऐकत राहिल्या. एका मात्रेवर त्यांनी डोळे उघडले. "हे जरा कमी चाललं असतं. माझं वय बघ." रेश्माने मान डोलावली आणि वहीत लिहून घेतलं.

मॅडमना पंचाहत्तर वर्षं पूर्ण झाली म्हणून हा ग्रंथ निघतो आहे. हे त्यांना फारसं पसंत नाही, असं त्यांनी आम्हा संपादकांना स्पष्ट सांगितलं आहे. आम्ही त्यांचं एरवी सगळं ऐकतो, हे एक ऐकलेलं नाही. पुढच्या महिन्यात दोन नवे फेलो येत आहेत आणि त्यांच्या पहिल्या सोमवारचा विषय मॅडमनी आत्ताच ठरवून ठेवला आहे. त्यांना असे खूप सोमवार मिळोत. गुडघे त्यांना त्रास न देवोत, केळव्याची हवा त्यांना मानवत राहो, मधुकररावांशी त्यांचे वाद असेच रंगत राहोत, आणि त्यांनी ज्यांची चूक काढावी असे विद्यार्थी त्यांना शंभरीपर्यंत आणि त्यापुढेही भेटत राहोत. त्या विद्यार्थ्यांमध्ये माझं नाव त्यांनी शेवटपर्यंत ठेवावं, एवढंच मला त्यांच्याकडे मागायचं आहे.